शिंगांना लावून उरलेला रंग

समुद्रपूर
२८ ऑगस्ट २०२५

चि. वर्षाली हिस,
नलू आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा फोन पोळ्याच्या दिवसापासून बंद आहे असं दादा सांगतो. माझं त्यावाचून अडलेलं नाही, कारण मला फोनवर तसंही ऐकू येत नाही. पण तुझी आई उठल्यासुटल्या नंबर लावते. काल तर 'हा नंबर बंद आहे' असं सांगणाऱ्या त्या बाईलाच तिने तुझी खुशाली विचारली. तू अकरावीला वर्ध्याच्या वसतिगृहात गेलीस तेव्हापासून आपलं ठरलेलं आहे, की मोठं काही घडलं की कागदावर लिहायचं. नापास होणं ही काही लहान गोष्ट नाही, तेव्हा तुझ्याकडून मला एक पत्र येणं आहे.

आम्हाला कळलं ते फार थोडं. बैलांची पूजा झाली होती, दादा पुरणपोळी खायला बसला होता, तेवढ्यात तुझा फोन आला. तो एकदा 'हं' म्हणाला, थोड्या वेळाने पुन्हा 'हं' म्हणाला, आणि फोन ठेवून त्याने सांगितलं की बंगळूरची नेटवर्किंगची परीक्षा हुकली. मग पानातलं सगळं संपवून तो गोठ्यात जाऊन बसला. तुझा बाप कमी बोलतो हे तुला मी नव्याने सांगायला नको.

आता पुढचं जरा बसून वाच. निकालाच्या आदल्या दिवशी बसस्टँडच्या चौकात पोरांच्या तान्हा पोळ्याच्या स्पर्धेचा फ्लेक्स बांधायला माणूस आला होता. दादाने तुझाही फ्लेक्स आधीच छापून आणला होता. त्याच्या मते तू परीक्षेला गेलीस म्हणजे पास झालीस, कारण आजवर तू कधी नापास झालीच नाहीस. शिडी लागलेलीच आहे, बांबूही आहेत, तर पुन्हा कशाला त्या माणसाला बोलवायचं, असं म्हणून त्याने तोही बांधून घेतला. 'समुद्रपूरची शान, कु. वर्षाली नत्थूजी झाडे हिने कॉम्प्युटर नेटवर्किंगची आंतरराष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' फोटो तुझ्या मैत्रिणीच्या, सुरभीच्या लग्नातला आहे. सुरभीला कापून काढलं, पण तिचा मेंदीचा हात तुझ्या खांद्यावर तसाच राहिला. वरच्या फ्लेक्सवर सजवलेला बैल आहे, त्यामुळे लांबून पाहिलं तर अभिनंदन नेमकं कोणाचं ते कळत नाही.

तो फ्लेक्स अजून तिथेच आहे. मी दादाला दोनदा म्हटलं, उतरव. तो 'पाहू' म्हणतो आणि वावरात निघून जातो.

तू जेवतेस ना? बरोबर डब्यात शेवचिवडा पाठवला आहे, वर्ध्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिला आहे. काय झालं ते सविस्तर लिही. माझी माया निकाल पाहून कमीजास्त होत नाही, हे ध्यानात असू दे.

तुझी,
नलू आत्या


वर्धा
२ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
वर्षालीचा सा. न. वि. वि.

चिवडा मिळाला. तुझ्या पत्रातली फ्लेक्सची गोष्ट वाचून डबा तसाच झाकून ठेवला.

आधी परीक्षेचं सांगते, म्हणजे ते एकदाचं संपेल. एका खोलीत दिवसभर बसवतात. समोर एका खोट्या कंपनीचं जाळं असतं. तिच्या बऱ्याच शाखा, त्यांना जोडणारी यंत्रं, आणि त्यातली बरीच मुद्दाम बिघडवून ठेवलेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या शाखा एकमेकींशी बोलत्या करायच्या. सकाळी माझं छान चाललं होतं. मग एक बिघाड असा आला की दोन शाखांची ओळखच पटेना. इकडून निरोप निघायचा आणि गावभर फिरून पुन्हा निघाला तिथेच यायचा. अशा वेळी तो सोडून पुढच्याला लागायचं, हे शिकवणीत पहिल्या दिवशी सांगतात. मला माहीत होतं आणि मला ते करता आलं नाही.

कामावर मी कधी तसं केलेलं नाही. एखाद्या गावची इंटरनेटची लाइन पडली, की ती उठल्याशिवाय मी खांबाजवळून हलत नाही, मग बाकीच्यांनी कितीही आरडाओरड करू दे. ही सवय कुठून लागली ते तुला चांगलं माहीत आहे. चौथीत हातातलं गणित सुटल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, असं म्हणत पट्टी घेऊन कोण उभं राहायचं? तर आत्या, तो बिघाड मी शोधून काढला. एक आकडा चुकीचा होता, एवढंच. तो सापडला तेव्हा मला इतका आनंद झाला की घड्याळ पाहायचं भान राहिलं नाही. पाहिलं तेव्हा जवळजवळ अर्धा पेपर हात न लावता पडलेला होता.

आता ऑफिसचं. आमच्या इंटरनेट कंपनीचं नवं ऑफिस सेलूला निघतं आहे. ही परीक्षा पास झाले तर तिथलं सगळं जाळं माझ्या हाती द्यायचं, असं मालक हिरालालजींनी कबूल केलं होतं. परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तक्रारीचे फोन घ्यायला काउंटरवर बसवलं. आणि म्हणाले, 'मॅडम, अब आराम से बैठो.' आरामाची मला इतकी चीड कधीच आली नव्हती. सेलू अश्विनला द्यायचं त्यांच्या मनात आहे, नव्या वर्षात ठरेल. अश्विनला काम मीच शिकवलं. तो वाईट नाही. माझ्यासमोर आला की मान खाली घालतो, त्याचाच जास्त राग येतो.

आणि अशात काल एक बाई बिल भरायला आल्या. समुद्रपूरहून येताना त्यांनी चौकात माझा फोटो पाहिला होता. सगळ्यांसमोर त्यांनी माझं तोंडभरून कौतुक केलं आणि पेढे कुठे आहेत म्हणून विचारलं. हिरालालजी आत बसून ऐकत होते. मी पावती फाडून त्यांच्या हातात दिली.

बाबांना हे पत्र वाचून दाखव. तो फ्लेक्स उतरवा. उतरवायचा नसेल तर त्यावर खरं काय ते लिहा, की नापास झाली. खोट्या अभिनंदनाखाली माझं तोंड मला नको आहे. फोनवर बाबा 'हं'च्या पुढे गेले नाहीत. त्यांना माझी लाज वाटत असेल तर त्यांनी तसं सांगावं, मी ऐकून घेईन. आणि परीक्षेला मी पुन्हा बसणार नाही. कोणी विषय काढायचा नाही, तूसुद्धा.

आईला सांग, जेवते आहे. तुझी माया आहे तशी राहू दे, त्यात उपदेश तेवढा मिसळू नकोस.

तुझी,
वर्षाली


समुद्रपूर
९ सप्टेंबर २०२५

चि. वर्षाली हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

या कागदावर लाल डाग दिसतील, त्याने घाबरू नकोस. रंग आहे. नखांतला अजून निघत नाही.

तुझं पत्र दादाला ओसरीत बसवून वाचून दाखवलं. लाजेची ओळ गाळावी असं एकदा मनात आलं होतं. पण तू ती पेन दाबून लिहिली होतीस, म्हणून मीही दाबून वाचली. तुझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.  वाचून झाल्यावर दादा उठून गोठ्यात गेला आणि पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन बाहेर आला. मी विचारलं, हे काय. तर म्हणाला, 'पोरगी म्हनते खरं लिवा, तं खरं लिवतो. त्यात भ्याचं काय हाय?'

मी चपला घातल्या आणि मागे निघाले. या वयात त्याला एकट्याला शिडीवर चढू देणं बरं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला पाहायचंही होतं. चौकातल्या पानठेल्यावाल्याकडून शिडी घेतली. खाली मी धरली, वर तो चढला. 'उत्तीर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' यावरून त्याने ब्रशचा असा जाड पट्टा ओढला की खालचं एक अक्षर वाचता येऊ नये. त्याखाली लिहिलं, 'नापास झाली.' तोवर लोक जमले होते. वर्ध्याची एसटी लागलेली होती, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. खालून कोणीतरी हसत विचारलं, मंग आता काय. दादा शिडीवर तसाच थांबला. मला वाटलं उतरतो. तर त्याने पुन्हा ब्रश बुडवला आणि लिहिलं, 'पुन्हा बसणार आहे.' मग शुभेच्छुक म्हणून छापलेलं सगळं मित्रमंडळ खोडलं आणि आपलं एकट्याचं नाव लिहिलं.

मी खालून ओरडून सांगत होते, की पोरीने बसणार नाही असं लिहिलं आहे. त्याने ऐकलं नाही. की ऐकूनही कानावेगळं केलं, ते मी सांगू शकत नाही. कान माझे गेले आहेत, त्याचे चांगले शाबूत आहेत.

तू लाजेचं विचारलंस म्हणून सांगते. घरी आल्यावर तुझी आई त्याच्यावर फार चिडली. पोरीची अब्रू चौकात टांगली म्हणाली. त्याने हात धुतले, पाटावर बसला आणि तिला म्हणाला, 'लाज वाटली असती तं दुसऱ्याच दिवशी गुपचूप उतरवला असता.' तेव्हा मला त्या 'पाहू'चा अर्थ कळला. त्याला खोटंही नको होतं आणि लपवायचंही नव्हतं, दोन्हींच्या मधलं काय करायचं ते त्याला तुझ्या पत्राने सांगितलं.

माझ्या गणिताच्या नियमावर तू जे ठपके ठेवले आहेस त्यांचं उत्तर सवडीने देईन. आज हात दुखतो आहे. तुझ्या रागासकट तुला जवळ घेते.

तुझी,
नलू आत्या


वर्धा
१४ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधीच तो फोटो वर्ध्यात पोचला होता. अश्विनने मला दाखवला, अर्थात मान खाली घालून. मी त्याच्या हातातून मोबाइल घेतला आणि पाहतच राहिले. बाबांचं अक्षर मी शाळेच्या प्रगतिपुस्तकावरच्या सहीशिवाय कुठे पाहिलेलं नाही, आणि इथे ते वीतवीतभर उंच.

मला संताप आला. नापास लिहा असं मी म्हटलं होतं, ते त्यांनी लिहिलं, ठीक. पुन्हा बसणार हे कोणाला विचारून लिहिलं? मी केबलच्या भेंडोळ्यांच्या खोलीत जाऊन दार लावून रडले. रडता रडता तो फोटो पुन्हा डोळ्यांपुढे आला. वर झूल घातलेला बैल, खाली मी, खांद्यावर सुरभीचा हात, आणि सगळ्यावर बैलाच्या शिंगांचा रंग. आत्या, मला हसू फुटलं. बंगळूरहून आल्यापासून मी हसलेच नव्हते, ते सगळं एकदम आलं. अश्विनला वाटलं मला काही झालं, तो बाहेरून दार ठोकत होता.

मग हिरालालजींनी बोलावलं. त्यांच्याही मोबाइलवर फोटो होता. हा काय तमाशा आहे, कंपनीचं नाव जातं, लोक म्हणतील यांच्याकडे नापास माणसं काम करतात, असं बरंच बोलले. मी ऐकून घेतलं. मग मी त्यांना सांगितलं की हा तमाशा नाही, जाहीर सूचना आहे. जिल्ह्यात ही परीक्षा देऊन नापास झालेलं दुसरं कोण आहे तेवढं दाखवा, कारण मुळात बसलंच कोणी नाही. आणि परीक्षा होईपर्यंत सेलूची खुर्ची कोणाला द्यायची नाही.  मग माझ्या लक्षात आलं, 'परीक्षा होईपर्यंत' हे शब्द माझ्याच तोंडून गेले होते आणि ते परत घेण्यासारखे नव्हते. शेवटी ते म्हणाले की जानेवारी संपेपर्यंत थांबतो, त्यापुढे एक दिवस नाही.

म्हणजे मला बसावं लागणार. बाबांना सांग, ही जबरदस्ती आहे आणि मी ती विसरणार नाही.

एक गंमत मात्र आहे. आता काउंटरवर येणारं कोणी कीव करत नाही. आधी ज्यांना नुसत्या कुजबुजीतून कळलं होतं ते असा चेहरा करून यायचे, जणू माझ्या घरी कोणी गेलं आहे. आता समुद्रपूरकडचे लोक सरळ विचारतात, कधी आहे पुढची. त्यांना तारीख सांगावी लागते. तारीख नसली तर वाईट दिसतं. संक्रांतीनंतरची मिळते का पाहते आहे.

आईचा राग काढ. आणि तुझ्या नियमाचं उत्तर लांबवू नकोस, मला त्याची खरोखर गरज आहे. तू आहेस म्हणून मला भांडायला घरचं माणूस आहे, ते तसंच राहो.

तुझी,
वर्षाली


समुद्रपूर
६ ऑक्टोबर २०२५

चि. वर्षाली हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सोयाबीन कापायच्या सवंगणीत आम्ही सगळे अडकलो होतो, म्हणून उशीर. दादाचा खांदा धरला आहे. शिडीमुळे धरला असं तुझी आई म्हणते, विळ्यामुळे असं तो म्हणतो.

आता नियमाचं. तो नियम मी मागे घेणार नाही. चौथीतली पोरं अवघड गणित आलं की पान उलटून पुढे पळायची, त्यांच्यासाठी तो होता आणि तू त्यातलीच एक होतीस. त्याने तुला चिकाटी आली, त्याच चिकाटीवर तुझ्या लाइनी चालतात. पण चौथीची पट्टी घेऊन तू बंगळूरला जाशील हे मला काय माहीत? पळणाऱ्याला थांबायला शिकवावं लागतं आणि थांबणाऱ्याला पुढे जायला. पहिलं मी केलं, दुसरं तुझं तुला करायचं आहे. माझं शाळेतलं गजराचं घड्याळ या पत्रासोबत कंडक्टरकडे दिलं आहे. काम हातात घेतलं की ते लाव. वाजलं की हात वर, पुढचं काम. अर्धं राहिलं तर राहू दे. पहिले काही दिवस फार त्रास होईल, कारण तू बापावर गेली आहेस.

फ्लेक्सवर पाऊस पडून गेला, पण शिंगांचा रंग तो, पुढच्या पोळ्यापर्यंत काय जातो. तुझी आई बाजाराला जाताना अजूनही तो चौक टाळून मागच्या गल्लीने जाते. तिला हे पटलेलं नाही आणि ती तसं तोंडावर सांगते. दुसरीकडे आपल्या गल्लीतल्या देवकाबाईची नंदिनी मात्र रोज तिथे उभी राहते. बारावीत गणितात राहिली, तेव्हापासून घरात कोंडून घेतलं होतं. परवा माझ्याकडे आली आणि विचारलं, की आजी, नापास झाल्याचं असं उघड्यावर लिहिलं की काय होतं. मी तिला सांगितलं, काही होत नाही, लोक वाचतात आणि एसटीत चढतात.  आता रोज दुपारी गणिताचं पुस्तक घेऊन येते. फेब्रुवारीत पुन्हा बसणार आहे.

दिवाळीला येशील तेव्हा घड्याळाचा हिशेब घेईन. तोवर जीव सांभाळ, आमचा तुझ्यातच आहे.

तुझी,
नलू आत्या


वर्धा
१८ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तारीख मिळाली, एकोणीस जानेवारी. तुझं घड्याळ इतकं कर्कश वाजतं की शेजारच्या झेरॉक्सवाल्याने येऊन चौकशी केली.

सराव कसा चालला आहे ते सांगते, तुला आवडेल. ऑफिसात मोडीत काढायची जुनी यंत्रं पडून होती. ती मी मागच्या खोलीत मांडून आमचं खोटं जाळं उभं केलं. काउंटरची वेळ संपली की अश्विन आत जाऊन ते बिघडवतो आणि मग मी आत जाते. सेलू त्यालाही हवं आहे, ते त्याने मला तोंडावर सांगितलं. पण ते मी पडल्यामुळे नको, असंही म्हणाला, आणि तेव्हा पहिल्यांदा त्याने मान वर केली होती. बिघाड मात्र तो असे मन लावून करतो, की हा मुलगा माझ्या बाजूचा की विरुद्ध अशी शंका येते.

गजर झाला की मी उठते. सुरुवातीला उठवत नव्हतं. बिघाड हाताच्या टोकाशी आहे हे दिसत असताना तो तसाच टाकून पुढे जायचं म्हणजे उंबरठ्यावर आलेल्या माणसाला पाणी न विचारता दार लावून घेतल्यासारखं वाटतं. एकदा मी गजर बंद केला आणि काम करत राहिले. अश्विनने येऊन सगळी वीजच घालवली. त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून उठायला लागले.

मला भीती वाटते, हेही लिहून ठेवते. नापास झाले तर सेलू जाईल आणि मी इथे काउंटरवर लोकांना राउटर बंद करून चालू करा असं सांगत म्हातारी होईन. पण बसायची भीती वाटत नाही. पूर्वी उलट होतं.

बाबांना एक विचारायचं होतं, ते तू विचार. मी पुन्हा बसणार हे त्यांना शिडीवर असताना कसं कळलं? मला तर तेव्हा माहीत नव्हतं.

परीक्षा झाल्यावर फोन करणार नाही. निकाल काहीही लागो, कागदावरच कळवीन. मागच्या वेळचे ते दोन 'हं' मला पुन्हा ऐकायचे नाहीत. आईला माझ्यासाठी उपास धरू देऊ नकोस. बाकी तुम्ही सगळे पाठीशी आहात, आणखी काय हवं.

तुझी,
वर्षाली


समुद्रपूर
२० जानेवारी २०२६

चि. वर्षालीले,
बाबाचा आशीर्वाद.

मले पत्र लिवता येत नाई. नलू म्हणे मी लिवून देईन, तू सांग. मी म्हणलं, राहू दे, माझं मी लिवतो.

तू आत्याच्या हाती इचारलं होतं, मले कसं माहीत पडलं. त्याले काय माहीत पडाव लागते? तू लहान होती तेव्हा हिरीवरचा पंप बंद पडला होता. तुले काई समजत नोहोतं, पण तू तिथून उठली नाई. जेवाले बलावलं तं जेवून पुन्हा येऊन बसली. थे मी पाह्यलं होतं. शिडीवर मले थेच आठवलं अन् लिवलं. जबरदस्ती म्हण तं जबरदस्ती.

काल तुयी परीक्षा झाली. निकाल मले माहीत नाई अन् मी इचारतही नाई. आज सकाळी रंगाचा डबा घेऊन चौकात गेलतो. रंग वाळत आला होता, तेल टाकून घोटला. 'पुन्हा बसणार आहे' लिवलं होतं, त्याच्या खाली एकच शब्द लिवला. 'बसली.' जे खरं झालं तेवढंच लिवलं.

या टायमाले शिडी तुया आईनं धरली. चौकात तशीच आली, मागच्या गल्लीनं नाई. माह्या खांद्याले काई झालं तं कोण पाहीन, असं म्हणत होती. पण लिवून झाल्यावर वर पाहत बराच वेळ उभी होती.

खाली अजून जागा आहे. तिथं काय लिवाचं थे तू सांगजो. पास असो का नापास, मी लिवीन. डब्यात तेवढा रंग आहे. तब्येत सांभाळजो.

तुया बाबा,
नत्थू


वर्धा
२४ जानेवारी २०२६

ती. बाबांस,
वर्षालीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं. ते पुन्हा पुन्हा वाचलं, मग अश्विनला वाचून दाखवलं, आणि मग निकाल कळवायला बसले आहे.

पास झाले.

या वेळीही तसाच एक बिघाड आला होता. मनातल्या मनात आत्याचं घड्याळ वाजवलं आणि तो अर्धा टाकून उठले. शेवटी वेळ उरला नाही, तो तसाच राहिला. बाकी सगळं केलं. पास होऊनही तो एक सुटला नाही याची मला चुटपुट आहे. हे आत्याला मुद्दाम सांगा, तिचा नियम अजून अंगात आहे म्हणून तिला बरं वाटेल.

हिरालालजींनी पेढे मागवले. मी एक घेतला आणि सेलूचं पत्र आजच टाइप करा म्हटलं. त्यांनी केलं. अश्विनला मी सोबत नेते आहे, ते मी त्यांना विचारलं नाही, सांगितलं. पहिल्या तारखेपासून सेलू.

आता तुमच्या शब्दाखालच्या जागेचं. तिथे काही लिहू नका, बाबा. नवा फ्लेक्स तर नकोच. पास झाल्याचं गावाला आपोआप कळेल, आई गप्प बसायची नाही. पण नंदिनीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे आणि ती रोज तिथे उभी राहते. तिला पुढे काय होतं ते आधीच वाचायला नको. तिने 'बसली'पर्यंतच वाचावं आणि जाऊन बसावं. फ्लेक्स फाटेल तेव्हा फाटेल.

शिडीवर असताना तुम्ही माझ्यावर जेवढा विश्वास ठेवलात तेवढा मी स्वतःवर ठेवला नव्हता. तो पुढेही तसाच मोठ्या अक्षरात असू द्या.

सव्वीस जानेवारीच्या सुट्टीला येते आहे. चौकात उतरून आधी पाहीन, मग घरी येईन. रंगाचा डबा बाहेर काढू नका. उरला आहे तो बैलांसाठी ठेवा, पोळ्याला लागेल.

तुमची,
वर्षाली